कुणी मागं लागलंय का

साडेचारला रेणुकाचा मेसेज: कणकण आहे गं, तू हो पुढे.
बरं.
दोन खजूर, काखेत व्हॅसलीन,
आणि डाव्या बुटाची नाडी दोनदा, कारण ती
राजाराम पुलाशी हमखास सुटते.

दत्तवाडी अजून पांघरुणात.
दुधाचे क्रेट उतरवणारा टेम्पो, आणि एक कुत्रा
जो शंभर पावलं सोबत आला,
मग हद्द संपली म्हणून थांबला.
माझी कुठे संपते ते आज कळायचं होतं.
बत्तीस. धरणाच्या पुढे डोणज्यापर्यंत, आणि परत.

फाल्गुनातला गारवा उसना असतो.
जाताना शाल टाकतो खांद्यांवर,
येताना त्याच वळणावर हिसकावून घेतो.

जलसंशोधन केंद्राच्या भिंतीपलीकडे काटेसावर.
अंगावर पान नाही आणि थाट केवढा!
साळुंक्या फुलांत तोंड खुपसून भांडत होत्या.
जाताना हे सगळं पाहिलं.
येताना झाड तिथेच असणार,
मी फक्त डांबर पाहिलं, आणि माझे दोन बूट
आळीपाळीने पुढे येणारे,
दुसऱ्याच कुणाचे असावेत असे.

विसाव्याला विसावा घ्यायचा नाही,
हा नियम माझाच.
धरणाच्या कठड्याशी मीच मोडला.
पोटऱ्यांत गोळे, गुडघ्यात खिळा,
पाण्यावर नुकतं चढलेलं ऊन, डोळ्यांना टोचणारं.

वैष्णवी भजी सेंटरची बाई शेगडीला वारा घालत होती.
बघत राहिली. मग म्हणाली,
"कुणी मागं लागलंय का, ताई?"

हसायलाही श्वास लागतो.
मान हलवली, नाही.

"मग पोचल्यावर काय देत्यात?"

केळं, म्हणाले मी. शर्यत असली तर मेडल.
तिने ते मनात तोलून पाहिलं,
आणि मेडलच्या बाजूचं पारडं काही हललं नाही.
कैरीची फोड मिठात बुडवून पुढे केली.
माझ्याकडे पैसे नव्हते.
"ऱ्हाऊ द्या, पुढल्या रविवारी द्या.
आता पळा. ऊन लागलंय मागं."

लागलंच होतं.
किरकटवाडीला ते पाठीवर,
धायरी फाट्याला मानगुटीवर,
वडगावला सिग्नल लाल, आणि मला
लाल दिव्याची इतकी माया कधीच वाटली नव्हती.
पंचविसाव्यानंतर मनात वाक्यं उरत नाहीत.
घर. पाणी. खांब. पुढचा खांब.

एकोणतिसाव्याला, आनंदनगरच्या अलीकडे,
कुठून कोण जाणे, अण्णांचा परवचा आला.
एकोणतीस एके एकोणतीस,
एकोणतीस दुणे अठ्ठावन्न,
त्रिक सत्त्याऐंशी,
चोक सोळोदरसे,
पावलागणिक एक शब्द, अगदी बसलेला.
सत्तेला अडले.
तेव्हाही इथेच अडायचे.
अण्णा कधी ओरडले नाहीत, छडी नाही,
पानाला चुना लावता लावता एवढंच:
पुन्हा पहिल्यापासून.
तेव्हा वाटायचं, याहून मार परवडला.

पुन्हा पहिल्यापासून.
एकोणतीस एके.
सात वेळा अडले, आणि सत्ते दोनशे तीन आठवलं तेव्हा
राजाराम पूल मागे पडला होता,
नाडी सुटलेली,
वाकले असते तर तिथेच राहिले असते,
म्हणून तशीच.

सोसायटीच्या फाटकाशी घड्याळ: एकतीस पॉइंट आठ.
पार्किंगला तीन चकरा मारल्या.
शेलार वॉचमन पेपर खाली करून बघत होते,
काही विचारलं नाही त्यांनी,
दरवेळी विचारत नाहीत.

जिन्यावर बसून बूट काढले.
अंगठ्याचं नख काळंनिळं, जिभेवर अजून मीठ,
ते कैरीचं की माझं, सांगता आलं नसतं.
रेणुकाला लिहिलं: झालं.
पुढच्या रविवारी दहाची नोट घे आठवणीने.
आपलं एक देणं आहे धरणावर.